शेवटची तारीख आणि मानेचं दुखणं: सेवा केंद्रांवर कॉम्प्युटरचं काम करणाऱ्यांनी काय जपावं?

गेल्या दोन-तीन वर्षांत जालना जिल्ह्यातल्या वडीगोद्रीचं नाव राज्यभर पोचलं. धुळे-सोलापूर महामार्गावरचं, अंबड तालुक्यातलं हे गाव. शेजारच्या अंतरवाली सराटीत २०२३ पासून मराठा आरक्षणाचं आंदोलन झालं आणि जून २०२४ मध्ये खुद्द वडीगोद्रीत ओबीसी आरक्षणाच्या रक्षणासाठी उपोषण झालं. टीव्हीवर आपण मंडप, गर्दी आणि भाषणं पाहिली. आरक्षणाच्या कोणत्याही बाजूबद्दल या लेखात काही नाही. अशा प्रत्येक निर्णयानंतर कोणीतरी कॉम्प्युटरसमोर बसून हजारो अर्ज भरत असतं. त्या माणसाची मान, पाठ, मनगट आणि डोळे हा या लेखाचा विषय आहे.

तुम्ही स्वतः सेवा केंद्र चालवत असाल, ग्रामपंचायतीत संगणक परिचालक असाल, किंवा तुमच्या घरातलं कोणी हे काम करत असेल, तर पुढची माहिती तुमच्यासाठी आहे. पुण्यात आयटीत नोकरी करणाऱ्या मुलालाही ती तितकीच लागू पडते.

काम कसं वाढलं?

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. जुनी दप्तरं काढायची, त्यातले मोडी आणि उर्दू कागद तपासायचे, स्कॅन करायचे, वेबसाइटवर चढवायचे. त्यापाठोपाठ जातीच्या दाखल्यांचे अर्ज आले.

२०२३ च्याच खरिपात एक रुपयात पीक विमा सुरू झाला. जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे अर्ज आले. मग शेतकरी ओळख क्रमांक आला. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीणचं ई-केवायसी सुरू झालं आणि त्याच सुमारास अतिवृष्टीनं मराठवाड्याची पिकं गेली, म्हणून अनुदानाच्या केवायसीचीही रांग लागली.

या सगळ्या कामांत तीन गोष्टी सारख्या आहेत. एक, प्रत्येकाला शेवटची तारीख असते आणि मुदतवाढ मिळालीच तर ती बहुधा अगदी शेवटी कळते. दोन, दिवसा सर्व्हरवर ताण असतो, ओटीपी येत नाही, त्यामुळे खरं काम रात्री उशिरा किंवा पहाटे होतं. तीन, पैसे बहुतेक ठिकाणी अर्जामागे मिळतात. पीक विम्याच्या एका अर्जामागे विमा कंपनीकडून केंद्राला ४० रुपये ठरलेले होते. म्हणजे पाच मिनिटं उठलं तर एक अर्ज बुडतो, असा हिशेब माणूस मनात करतो आणि उठतच नाही.

मानदुखीचं मूळ कारण इथे आहे. "तू नीट बसत नाहीस" असं घरचे म्हणतात. ते काही अंशी खरं आहे, पण अपुरं आहे. न हलता सलग बसणं हे वाकडं बसण्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त त्रासाचं असतं.

शरीरात नेमकं काय होतं?

प्रौढ माणसाचं डोकं साधारण साडेचार ते साडेपाच किलोचं असतं. मान सरळ असेल तेव्हा हा भार मणक्यांवर नीट तोलला जातो. मान पुढे झुकली की तेच डोकं मानेच्या मागच्या स्नायूंना धरून ठेवावं लागतं. अमेरिकेतले मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये गणिती मॉडेल वापरून हा भार काढला. मान १५ अंश झुकली तर मानेवर सुमारे १२ किलोइतका ताण येतो, ३० अंशांना १८ किलो आणि ६० अंशांना २७ किलो. हे आकडे गणिताचे आहेत, प्रत्येकाच्या मानेला तंतोतंत लागू होणारे नाहीत, पण दिशा बरोबर सांगतात. भरलेली घागर छातीशी धरली तर जड वाटत नाही, हात लांब करून धरली तर दोन मिनिटांत हात भरून येतो. तसंच हे आहे.

स्नायू बराच वेळ एकाच स्थितीत आवळलेला राहिला की त्यातला रक्तपुरवठा कमी पडतो, तो थकतो आणि दुखतो. म्हणून मानेपासून खांद्यापर्यंतचा भाग दगडासारखा कडक लागतो. काहींचं डोकंही मागच्या बाजूनं दुखतं.

मनगटाचं दुखणं बहुतेकदा माऊसच्या हाताचं असतं, कारण माऊस लांब ठेवलेला असतो आणि हात अधांतरी राहतो. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल आणि हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मनगटातली नस दाबली जात असण्याची शक्यता असते. ही तक्रार केवळ कॉम्प्युटरमुळे झाली असं मात्र लगेच ठरवू नका. मधुमेह, थायरॉइडची कमतरता आणि गरोदरपण यांतही ती दिसते. अशा रुग्णाची साखर आणि थायरॉइड तपासणं गरजेचं असतं.

डोळ्यांचं कारण अगदी साधं आहे. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापणी मिटतो. स्क्रीनकडे टक लावून पाहताना हे प्रमाण निम्म्याहून खाली येतं. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, संध्याकाळी धूसर दिसतं. आधारवरचा बारा आकडी नंबर टिपताना तर पापणी मिटायचंच राहून जातं.

"मणक्यात गॅप आली" म्हणजे काय?

मान किंवा कंबर दुखली की अनेक जण आधी एक्स-रे किंवा एमआरआय काढून येतात आणि घाबरून सांगतात, "डॉक्टर, गॅप आली आहे." हा शब्द ऐकून लोकांनी काम सोडलं आहे, लग्नं लांबवली आहेत. म्हणून नीट समजून घ्या.

दोन मणक्यांमधली गादी वयानुसार झिजते, जसे केस पिकतात तशी. काहीही दुखत नसलेल्या लोकांच्या एमआरआयबद्दलच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के, तिशीतल्या ५२ टक्के आणि चाळिशीतल्या ६८ टक्के लोकांच्या गाद्यांमध्ये झीज दिसली. या कोणालाही त्रास नव्हता. म्हणजे रिपोर्टमध्ये झीज दिसली, एवढ्यावरून तुमचं दुखणं तिच्यामुळेच आहे असं ठरत नाही. कॉम्प्युटरच्या कामानं होणारी बहुतेक मानदुखी स्नायूंची असते आणि सवयी बदलल्या तर काही आठवड्यांत कमी होते. तपासणी कोणाला लागते, ते पुढे सांगितलं आहे.

मुदत संपेपर्यंत गोळी? हा सर्वांत मोठा धोका

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याची. "एवढी तारीख निघून जाऊ दे, मग बघू" म्हणत मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणायची आणि पंधरा-वीस दिवस रोज घ्यायची. डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक या गटातल्या गोळ्या दोन-तीन दिवस, जेवणानंतर, डॉक्टरांच्या सल्ल्यानं घेणं वेगळं. रोज घेतल्या तर पोटात जखम होऊन रक्तस्राव होऊ शकतो, रक्तदाब वाढू शकतो आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. ज्यांना आधीच रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांना धोका जास्त. पत्र्याच्या खोलीत, उन्हाळ्यात, पाणी न पिता बसणाऱ्याला तर आणखी जास्त.

पुडीत बांधून दिलेल्या सुट्या गोळ्यांपासून विशेष सावध राहा. नाव माहीत नसलेल्या गोळीनं एका दिवसात जादू झाल्यासारखं वाटलं, तर तिच्यात स्टिरॉइड असू शकतं. ते दीर्घकाळ घेतल्यानं साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि अचानक बंद केल्यानंही त्रास होतो. कोणतीही गोळी नाव, मात्रा आणि किती दिवस घ्यायची हे समजल्याशिवाय घेऊ नका.

दाढी-कटिंग करताना सलूनमध्ये मान "कडकन" मोडून घेण्याची सवय असेल, तर तीही थांबवा. अशा झटक्यानं मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. ती क्वचित आहेत, पण त्या झटक्यानं मिळणारं सुखही क्षणाचंच आहे.

आहे त्या सामानात बसण्याची जागा कशी सुधारावी?

दहा-पंधरा हजारांची खुर्ची प्रत्येकाला परवडत नाही. तिच्यावाचूनही बरंच करता येतं.

१. स्क्रीनची उंची. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी, अंतर हातभर असावं. लॅपटॉप असेल तर तो जाडजूड रजिस्टरांवर किंवा खोक्यावर उंच ठेवा आणि वेगळा कीबोर्ड-माऊस जोडा. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकत्र असल्यामुळे एक सोयीचं झालं की दुसरं गैरसोयीचं होतं. त्यामुळे वेगळ्या कीबोर्डवर केलेला काही शे रुपयांचा खर्च सार्थकी लागतो.

२. खुर्ची. प्लॅस्टिकच्या खुर्चीला मागे पोक असतो. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून कंबरेच्या खळग्यात ठेवा. नितंब खुर्चीच्या अगदी मागे टेकलेले असावेत.

३. पाय. पाय लोंबकळत असतील तर खाली लाकडी पाट किंवा दोन विटा ठेवा. मांडीची कड खुर्चीनं दाबली जाता कामा नये.

४. हात. कोपर अंगाजवळ, साधारण काटकोनात. माऊस कीबोर्डला चिकटून. टेबल उंच असेल तर खांदे वर उचलले जातात. अशा वेळी खुर्चीवर जाड उशी घेऊन उंच बसा आणि पायाखाली पाट घ्या.

५. कागद. अर्ज आणि आधार कार्ड टेबलावर आडवं ठेवून टाइप करू नका. प्रत्येक ओळीला मान खाली-वर होते. स्क्रीनच्या शेजारी पुठ्ठ्याला चिमटा लावून कागद उभा करा. दिवसभर अर्ज भरणाऱ्यांना या एका बदलानं बराच आराम पडतो.

६. उजेड. शटर किंवा दार तुमच्या पाठीमागेही नको आणि स्क्रीनच्या मागेही नको, बाजूला असावं. दाराचा उजेड काचेवर चमकला की माणूस नकळत पुढे वाकतो.

७. रांगेकडची बाजू. ग्राहक एकाच बाजूला उभे राहत असतील तर मान दिवसभर त्याच बाजूला वळते. बोलताना नुसती मान न वळवता खुर्चीसकट वळा, आणि बोटाचा ठसा घेण्याचं यंत्र लांब न ठेवता समोर ठेवा.

फोनवर काम करणाऱ्या अंगणवाडी सेविका आणि आशाताईंनाही हेच लागू आहे. पोषण ट्रॅकरच्या नोंदी करताना फोन मांडीवर ठेवू नका. कोपर टेबलावर किंवा छातीशी टेकवून फोन डोळ्यांच्या जवळ वर आणा.

पण सर्वांत महत्त्वाचं: उठा

कितीही आदर्श बसलात तरी ती स्थिती तासभर तशीच ठेवली तर दुखणारच. म्हणून:

- दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फुटांपलीकडे पाहा. दारातून समोरचं झाड पाहिलं तरी चालेल. पापण्या मुद्दाम आठ-दहा वेळा मिटा.
- त्याच वेळी उभे राहा, खांदे मागे घ्या, पुन्हा बसा. याला अर्धा मिनिट पुरतं.
- दर तासाला दोन-तीन मिनिटं चाला. पाण्याची बाटली टेबलावर न ठेवता चार पावलं लांब ठेवा.

अर्ज बुडण्याची भीती वाटत असेल तर हिशेब करा. दहा तासांत दर वीस मिनिटांनी अर्धा मिनिट म्हणजे तीस वेळा, एकूण पंधरा मिनिटं. सर्व्हर बंद पडल्यावर स्क्रीनकडे बघत यापेक्षा जास्त वेळ जातो. खरं तर सर्व्हरचं ते गोल चक्र फिरायला लागलं की तोच उठण्याचा इशारा समजा.

तीन साधे व्यायाम, दिवसातून तीन-चार वेळा:

हनुवटी मागे घेणं. समोर पाहत हनुवटी सरळ मागे ओढा, पाच सेकंद थांबा, सोडा. दहा वेळा.

खांद्याची पाती जवळ आणणं. दोन्ही पाती मागे एकमेकींकडे ओढा, पाच सेकंद थांबा. दहा वेळा.

दाराच्या चौकटीत ताण. दोन्ही हात चौकटीला टेकवून एक पाऊल पुढे टाका, छाती ताणली जाईल. वीस सेकंद थांबा.

व्यायाम करताना हातात कळ गेली किंवा चक्कर आली तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. मानेचा पट्टा स्वतःहून आठवडेच्या आठवडे लावू नका. त्यानं स्नायू आणखी दुबळे होतात.

बैठ्या कामाचा परिणाम मान-पाठीपुरता नसतो. २०१६ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचं विश्लेषण आलं. दिवसाला आठ तासांहून जास्त बसणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यूचा धोका वाढलेला होता, पण जे रोज ६० ते ७५ मिनिटं भरभर चालण्याइतकी हालचाल करत होते त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. एवढं जमत नसेल तर निम्म्यानं सुरुवात करा. तेवढ्यानंही फायदा होतोच.

महिला परिचालकांसाठी एक वेगळी गोष्ट. केंद्राजवळ स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर पाणीच प्यायचं नाही, असं अनेकींचं चालतं. त्यातून वारंवार लघवीचा संसर्ग होतो. ही सोय मागायला संकोच करू नका. तीही तुमच्या आरोग्याचाच भाग आहे.

ताबडतोब डॉक्टरांना कधी दाखवावं?

- हातातली वस्तू सुटत असेल, बटण लावता येत नसेल, हाताची किंवा पायाची ताकद कमी वाटत असेल
- चालताना तोल जात असेल
- लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा लघवी अडकली असेल, बैठकीची जागा बधिर झाली असेल
- दुखण्यासोबत ताप, वजन घटणं, रात्री वाढणारी वेदना असेल. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजूनही दिसतो, हे विसरू नये
- पडल्यानंतर किंवा अपघातानंतर मान दुखत असेल
- छातीत दडपण, घाम आणि डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल. "मानेचंच असेल" म्हणून थांबू नका, १०८ ला फोन करा

यांपैकी काही नसेल, पण तीन-चार आठवड्यांत आराम पडला नाही, तरीही दाखवा.

हे एकट्याच्या शिस्तीनं सुटणारं आहे का?

पूर्णपणे नाही. युरोपीय देशांनी १९९० मध्येच स्क्रीनवर काम करणाऱ्यांसाठी निर्देश काढला. कामात ठरावीक अंतरानं विश्रांती किंवा कामात बदल, डोळ्यांची तपासणी आणि बसण्याच्या जागेचं परीक्षण ही मालकाची जबाबदारी ठरवली. आपल्याकडे कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत कामामुळे होणाऱ्या २९ आजारांची यादी होती. शिसं, पारा, सिलिका, आवाज हे सगळं तिच्यात होतं, मान-मनगटाचं दुखणं नव्हतं. तो कायदा घडला तेव्हा असं काम नव्हतंच.

आता काम आलं आहे, पण दिशा उलटी आहे. ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळानं दुकानं आणि आस्थापनांमधली रोजच्या कामाची मर्यादा ९ वरून १० तास करायला मंजुरी दिली. मोठ्या कंपन्यांमध्ये आठवड्याला सत्तर तास की नव्वद, असे वाद झडले. दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा २०२१ चा अंदाज सांगतो की आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. स्वतःचं सेवा केंद्र चालवणारा तर कोणाचा कामगारच नसतो. त्याच्या तासांना मर्यादा घालणारं कोणीच नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मुदतवाढ द्यायचीच असेल तर ती शेवटच्या दिवशी न देता आधी जाहीर करा. गावनिहाय किंवा आधार क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यानुसार दिवस वाटून द्या, म्हणजे सर्व्हरही तगेल आणि रात्रपाळीही टळेल. ग्रामपंचायतीनं परिचालकाला नीट खुर्ची-टेबल, पंखा आणि स्वच्छतागृह द्यावं. योजनेच्या खर्चात एवढी रक्कम किरकोळ आहे.

आणि तुम्ही रांगेत उभे असाल तर? समोरचा माणूस दोन मिनिटं उठून पाठ सरळ करतो तेव्हा "एवढा वेळ?" असं म्हणू नका. थकलेल्या डोळ्यांनी भरलेल्या अर्जात आधारचा एक आकडा चुकला, तर हेलपाटे तुम्हालाच पडतात. त्याची मान ठीक राहण्यात तुमचाही फायदा आहे.

(ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या तक्रारीचं निदान आणि औषध तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.)